पुरुषांची जननेंद्रिये : कशाला घाबरू नये आणि कशाकडे दुर्लक्ष करू नये

कळवेकर (धागालेखक)

ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात चिकटवलेले 'गुप्तरोग, धातुदुर्बलता, शीघ्रपतन यांवर खात्रीशीर इलाज' असे कागद ज्याने कधीच वाचले नाहीत, असा प्रवासी सापडणे कठीण आहे. मी कळव्यात कुटुंबवैद्य म्हणून काम करतो. हे कागद वाचून धास्तावलेले तरुण आणि त्या पत्त्यांवर पगाराचा मोठा भाग घालवून आलेले गृहस्थ माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्याशी बोलून माझे एक ठाम मत झाले आहे. पुरुष ज्या गोष्टींच्या काळजीने रात्र रात्र जागतात त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि ज्यांच्यासाठी त्याच रात्री रुग्णालय गाठायला हवे त्या गोष्टी मात्र ते लाजेपोटी घरातही बोलत नाहीत. या धाग्यात दोन्हींविषयी शक्य तितके स्पष्ट लिहिणार आहे. शंका निःसंकोच विचाराव्यात.

सुरुवात वीर्यापासून करतो, कारण सर्वाधिक भीती त्याच्याचभोवती आहे. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की शिकलेली माणसेही ती शास्त्र म्हणून सांगतात. प्रत्यक्षात वीर्य रक्त आटून बनत नाही. एका स्खलनात साधारण दीड ते पाच मिलिलिटर द्रव असतो. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश वीर्यकोशांतून येतो आणि उरलेला बहुतेक पुरस्थ ग्रंथीतून, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोस्टेट म्हणतो त्या ग्रंथीतून, येतो. वृषणांतून आलेल्या शुक्रजंतूंचा वाटा आकारमानाने जेमतेम दोन ते पाच टक्के असतो. बाकी पाणी, फ्रुक्टोज ही साखर, थोडी प्रथिने, जस्त आणि काही क्षार. एवढा द्रव शरीर सहज भरून काढते. शुक्रजंतूंची निर्मिती वयात आल्यापासून अखंड चालू राहते, एक शुक्रजंतू पूर्ण तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात, आणि जे बाहेर पडत नाहीत ते शरीरातच विघटित होऊन शोषले जातात. म्हणून वीर्य साठवल्याने ताकद वाढत नाही आणि ते बाहेर पडल्याने ताकद जात नाही. हस्तमैथुनाने दृष्टी अधू होणे, गाल बसणे, शिश्न वाकडे किंवा बारीक होणे, पुढे मूल न होणे यांपैकी काहीही घडत नाही. झोपेत वीर्य बाहेर पडणे हाही आजार नाही आणि त्यावर औषध नाही, कारण तेथे बरे करण्यासारखे काही नसते.

'लघवीतून धात जाते' ही तक्रार थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. थकवा, कंबरदुखी, अभ्यासात लक्ष न लागणे आणि या सगळ्याचे कारण म्हणजे लघवीवाटे जाणारे वीर्य अशी खात्री, या तक्रारींच्या समूहाला भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. असा रुग्ण आला की मी त्याला त्याच वेळी परीक्षानळीत लघवीचा नमुना द्यायला सांगतो आणि नळी उजेडासमोर धरून तो गढूळपणा त्यालाच दाखवतो. मग सौम्य ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकतो. बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांदेखत नळीतील पांढुरकेपणा विरून लघवी स्वच्छ होते, कारण ते वीर्य नसून फॉस्फेटचे क्षार असतात आणि आम्लात ते विरघळतात. आम्ल टाकूनही गढूळपणा राहिला, तर पू किंवा जंतुसंसर्ग आहे का हे पाहण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. शौचाला कुंथताना एखाददुसरा चिकट थेंब येतो, तो बहुधा पुरस्थ ग्रंथीचा स्राव असतो. मात्र त्या माणसाचा थकवा खोटा नसतो. अनेकदा त्यामागे चिंता किंवा नैराश्य असते आणि उपचार त्यावर करावे लागतात. 'तुला काही झालेले नाही' असे म्हणून त्याला परत पाठवणे हा उपचार नव्हे.

घणसोलीचा वाचक

डॉक्टरसाहेब, लेखाबद्दल आभार. माझा प्रश्न आकाराविषयी आहे. वसतिगृहात असताना इतरांशी तुलना करण्याची जी सवय लागली ती अजून सुटत नाही. शिवाय माझे शिश्न ताठ झाल्यावर थोडे डावीकडे वळते आणि डावा वृषण उजव्यापेक्षा खाली आहे. लग्न ठरले आहे, पण यामुळे मन खचते.

कळवेकर

आपल्या तिन्ही शंकांची उत्तरे दिलासा देणारीच आहेत. २०१५ साली 'बीजेयू इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १५,५२१ पुरुषांची मोजमापे होती आणि ती आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली होती. त्यानुसार शिथिल अवस्थेतील सरासरी लांबी ९.१६ सेंटिमीटर आणि ताठ अवस्थेतील १३.१२ सेंटिमीटर भरली. अश्लील चित्रफितींमधून जो समज होतो त्यापेक्षा हे आकडे बरेच लहान आहेत. शिथिल अवस्थेतील लांबीवरून तर काहीच ठरवू नये, कारण थंडी, घाबरणे किंवा व्यायाम यांनी ती तासाभरात बदलते, आणि शिथिल असताना लहान दिसणारे शिश्न ताठ होताना अधिक वाढते असा सर्वसाधारण अनुभव आहे. आपण स्वतःकडे वरून पाहतो आणि दुसऱ्याकडे समोरून, त्यामुळेही स्वतःचे लहान भासते. ओटीपोटावर चरबी वाढली की मुळाजवळचा भाग तिच्यात झाकला जातो. वजन उतरले की तो पुन्हा दिसू लागतो. लांबी वाढवण्याचा सुरक्षित उपाय मला माहीत असलेला एवढाच आहे. तेल, लेप, गोळ्या यांनी लांबी वाढत नाही.

वाकडेपणाचे कारण रचनेत आहे. माणसाच्या शिश्नात हाड नसते, स्नायूंचा दांडाही नसतो. स्पंजासारख्या पेशीजालाचे दोन स्तंभ वरच्या बाजूला आणि मूत्रमार्गाला वेढणारा तिसरा खालच्या बाजूला असतो. ताठरतेच्या वेळी या स्तंभांत रक्त भरते आणि त्यांच्याभोवतीचे चिवट आवरण ते रक्त दाबाखाली धरून ठेवते. हे आवरण दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे नसते, म्हणून थोडा कल बहुतेकांत असतो. पूर्वी सरळ असलेले शिश्न मध्यमवयात वाकू लागले, दुखू लागले किंवा हाताला आत टणक गाठ लागली, तर तो वेगळा विकार असतो आणि तेव्हा मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावे.

डावा वृषण खाली असणे ही बहुसंख्य पुरुषांतील नेहमीची स्थिती आहे. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, म्हणूनच ते पोटाबाहेर असतात, आणि वृषणकोशाची त्वचा थंडीत आखडून व उकाड्यात सैल पडून हे तापमान राखते.

नौपाड्यातील वैद्य

कळवेकर, आपल्या मांडणीला माझी एक पुरवणी. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असा सात धातूंचा क्रम सांगितला आहे. मी तोच शिकलो आणि त्याविषयी मला आदर आहे. मात्र या क्रमाचा धाक दाखवून महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून 'खानदानी' पुड्या विकणे हा वैद्यकीचा भाग नाही. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना मी झोप, आहार आणि व्यायाम यांवर आणतो. पुष्कळांना औषधाची गरजच नसते. कायद्याचीही एक बाजू आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानुसार लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. लोकलमधले ते कागद सरळसरळ या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि तरीही ते दर आठवड्याला नव्याने लागतात याची मला मनापासून चीड येते.

कळवेकर

वैद्यराज, आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. त्या पुड्यांचा एक धोका येथेच नोंदवतो. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा अनेक उत्पादनांत सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठी दिले जाणारे रासायनिक औषध वेष्टनावर न लिहिता मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. म्हणूनच काहींना 'गुण' येतो. छातीत दुखण्यावर सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे घेणाऱ्या माणसाने अशी पुडी घेतली, तर त्याचा रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

ऐरोलीची गृहिणी

डॉक्टर, हे लिहायला मला फार धीर करावा लागत आहे. यजमानांचे वय अठ्ठेचाळीस असून त्यांना मधुमेह आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना ताठरता येत नाही. 'वय झाले' म्हणून ते विषय टाळतात. परवा त्यांच्या खिशात औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या सापडल्या. माझ्यातच काही कमी आहे का, असेही मनात येते.

कळवेकर

ताई, आपल्यात काहीही कमी नाही, हे आधी सांगतो. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी 'वय झाले' हे कारण मान्य करता येणार नाही. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वयाबरोबर फार सावकाश घटते. त्यामुळे स्त्रीच्या रजोनिवृत्तीसारखा ठरावीक टप्पा पुरुषाच्या आयुष्यात नसतो.

ताठरता हे मुख्यतः रक्तवाहिन्यांचे काम आहे. उत्तेजना आली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, धमन्या सैल होतात आणि रक्त आत शिरते. नायट्रिक ऑक्साइडच्या या प्रकारच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली तीही त्याच वर्षी. मधुमेहाने रक्तवाहिन्यांचे हेच अस्तर आणि हेच मज्जातंतू खराब होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. शिश्नाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटर. चरबीचा थर दोन्हीकडे साचत असला तरी अरुंद धमनी आधी अडते. म्हणून ताठरतेची तक्रार अनेकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. यजमानांची तक्रार हृदयाकडून आलेली सूचना समजून रक्तदाब, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी तपासणी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी या आठवड्यातच करून घ्याव्यात, आणि सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनही पाहावे. तंबाखू असेल तर ती सुटलीच पाहिजे. निरोगी पुरुषाला झोपेच्या स्वप्नावस्थेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, पहाटेची ताठरता ही त्यातलीच शेवटची. ती टिकून असेल, तर अडचणीत मनावरच्या ताणाचा भाग अधिक असण्याची शक्यता असते. तीही गेली असेल, तर शारीरिक कारण नेटाने शोधावे लागते.

त्या गोळ्या वाईट नाहीत. परस्पर घेणे वाईट आहे. त्या इच्छा वाढवत नाहीत, उत्तेजना असेल तरच काम करतात, आणि हृदयाची स्थिती पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. विषय काढताना 'आपल्या दोघांची अडचण आहे, दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ' असे म्हणून पाहावे. बायको सोबत असली की पुरुष तपासणीला लवकर तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

कोपरखैरणे व्यायामशाळा

मी प्रशिक्षक आहे. आमच्याकडची मुले स्पर्धेआधी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. पुरुषत्वाचेच संप्रेरक असल्यामुळे क्षमता वाढते, असे त्यांना वाटते. मी विरोध करतो, पण पटवून देण्याइतकी माहिती माझ्याजवळ नाही.

कळवेकर

माहिती अशी आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील टेस्टोस्टेरॉनवर सतत नजर ठेवते. ते बाहेरून भरपूर आले की ती वृषणांना दिला जाणारा आदेशच थांबवते. शुक्रजंतू घडण्यासाठी खुद्द वृषणाच्या आत रक्ताच्या अनेक पटींनी जास्त टेस्टोस्टेरॉन लागते, आणि ते इंजेक्शनने तेथे पोहोचत नाही. परिणामी शुक्रजंतूंची संख्या घसरत शून्यावरही येते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांच्या चाचण्या जागतिक आरोग्य संघटनेने केल्या होत्या. वृषण मोजण्यासाठी डॉक्टरांजवळ लहानापासून मोठ्यापर्यंत मण्यांची एक माळ असते. प्रत्येक मण्यावर मिलिलिटरचा आकडा असतो आणि एका हाताने वृषण चाचपून दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधायचा असतो. प्रौढ पुरुषाचा वृषण साधारण पंधरा ते पंचवीसच्या मण्याशी जुळतो. पिळदार दंडांच्या मुलाचा वृषण मात्र दहाच्या मण्याजवळ येऊन थांबतो, आणि तो मणी त्याच्याच हातात दिला की पुढचे समजावणे सोपे जाते. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण त्यास कित्येक महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. आणि मूल हवे आहे म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणे हे तर पूर्ण उलटे आहे.

नेरूळची वाचक

नसबंदीविषयी लिहावे. दोन मुलांनंतर माझ्या पतींनी तयारी दाखवली. पण 'मर्दानगी जाईल, जड काम होणार नाही' म्हणत सासूबाईंनी घर डोक्यावर घेतले आहे.

कळवेकर

नसबंदीत वृषणातून शुक्रजंतू वाहून नेणारी नळी फक्त बंद केली जाते. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जात नाही. ते रक्तावाटे जाते, त्यामुळे इच्छा, ताठरता, दाढीमिशा, ताकद सगळे पूर्ववत राहते. वीर्याचे प्रमाणही डोळ्यांना कळेल इतके घटत नाही. टाक्याविना करण्याची पद्धत चीनमध्ये १९७४ साली निघाली. आपल्याकडेही तीच रूढ आहे. काही दिवस जड उचलणे टाळायचे, एवढेच. मात्र नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून वीर्यतपासणीत ते नाहीत असे दिसेपर्यंत, साधारण तीन महिने, निरोध वापरावाच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के आढळले, हे मला फार अन्याय्य वाटते, कारण दोन्हींत सोपी आणि कमी धोक्याची शस्त्रक्रिया पुरुषाचीच आहे. आपल्या यजमानांचे मनापासून अभिनंदन.

घणसोलीचा वाचक

डॉक्टरसाहेब, आपल्या उत्तराने खूप हलके वाटले. आणखी एक विचारतो, किती वेळ टिकणे सर्वसाधारण समजावे? मित्र अर्धा-अर्धा तास सांगतात.

कळवेकर

मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील एका अभ्यासात जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली. मधला आकडा ५.४ मिनिटांचा निघाला. सुरुवातीपासूनच जवळजवळ प्रत्येक वेळी सुमारे एका मिनिटाच्या आत स्खलन होत असेल, ते रोखता येत नसेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर त्याला शीघ्रपतन म्हणतात, आणि त्यावर खात्रीचे उपचार आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतील घाई यात मोडत नाही.

कामोठ्याची आई

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याच्या शिश्नाची पुढची कातडी मागे जात नाही. शेजारच्या काकू म्हणतात की रोज आंघोळीच्या वेळी तेल लावून ती ओढायची. मूल रडते आणि मला ते पाहवत नाही.

कळवेकर

ताई, आजपासून ते ओढणे बंद करा. लहान मुलांत ही कातडी आतून निसर्गतःच चिकटलेली असते आणि सावकाश, आपोआप सुटते. डेन्मार्कमध्ये १९६८ साली शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत असे चिकटलेपण होते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ते ३ टक्क्यांवर आले होते. जबरदस्तीने ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्यांचे व्रण होतात आणि मग खरोखरच कातडी घट्ट होते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. लघवी करताना पुढचा भाग फुगत असेल, धार अगदी बारीक असेल किंवा वारंवार संसर्ग होत असेल, तरच दाखवावे. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि टोक सुजू लागले असेल, तर मात्र लगेच रुग्णालयात न्यावे.

ठाण्यातील शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना यातले नक्की काय सांगावे? पालकांच्या तक्रारीची भीती वाटते.

नौपाड्यातील वैद्य

बाई, भीती स्वाभाविक आहे, पण हे काम आपल्या प्रांतात नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

कळवेकर

बाई, वीर्य आणि हस्तमैथुन यांविषयी वर लिहिले आहे तेवढे पुरे. पण आणखी एक गोष्ट मुलांना आणि पालकसभेतही अवश्य सांगा. वृषण ज्या दोरासारख्या भागाला लोंबकळतो तो कधी कधी स्वतःभोवती पिळला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. बारा ते अठरा या वयात हे सर्वाधिक घडते, खेळताना घडते, झोपेतही घडते. एका बाजूला एकाएकी तीव्र कळ येते, उलट्या होतात, तो वृषण वर ओढल्यासारखा दिसतो. मुलगा लाजून 'पोटात दुखते' एवढेच सांगतो, आणि घरचे ओवा देऊन झोपवतात. सुमारे सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो. दिवस उलटला की तो क्वचितच वाचतो. म्हणून वयात येणाऱ्या मुलाच्या पोटात दुखून उलटी झाली की घरच्यांनी 'खाली दुखते का?' असे स्पष्ट विचारावे.

मोठ्यांसाठीही अशीच त्वरा लागणारे दोन प्रसंग आहेत. संबंधाच्या वेळी कट् असा आवाज होऊन ताठरता एकदम गेली आणि शिश्न सुजून काळेनिळे पडले, तर आतले आवरण फाटलेले असते. आणि ताठरता चार तासांहून अधिक टिकली, तर आतल्या पेशी प्राणवायूवाचून मरू लागतात. या तिन्ही प्रसंगी ओपीडीच्या वेळेची वाट पाहायची नाही, शेक द्यायचा नाही, औषधाच्या दुकानात विचारायचे नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन दारातच 'वृषणात अचानक कळ आली आहे' किंवा जे झाले असेल ते याच शब्दांत सांगायचे, म्हणजे तेथील डॉक्टर शल्यचिकित्सकांना लगेच बोलावतील.